प्रवाशाचा हक्क आणि पुराव्याचा कागद

भारतात रेल्वेने प्रवास करणाऱ्या माणसाचे हक्क एका जागी लिहिलेले नाहीत. त्यांतले काही १९८९ च्या रेल्वे अधिनियमात आहेत, काही त्या अधिनियमाखाली केलेल्या परताव्याच्या आणि नुकसानभरपाईच्या नियमांत, काही रेल्वे मंडळाच्या वेळोवेळी निघणाऱ्या परिपत्रकांत, काही ग्राहक संरक्षण कायद्यात, आणि बरेचसे सर्वोच्च न्यायालयाने गेल्या दोन दशकांत दिलेल्या निकालांत. या साऱ्यांची गोळाबेरीज केली तर प्रवाशाच्या पदरात सर्वसाधारण समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक पडते. मात्र यांपैकी जवळजवळ प्रत्येक हक्क कुठल्या ना कुठल्या कागदाला आणि ठरावीक मुदतीला बांधलेला आहे, आणि तो कागद मिळवण्याची व ती मुदत सांभाळण्याची वेळ प्रवासी किंवा त्याचे कुटुंब सर्वांत हतबल असते तेव्हाच येते. मजकूर उदार असूनही प्रत्यक्षात हाती फारसे काही लागत नाही, अशी तक्रार या कायद्याबाबत ऐकू येते तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

यांतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला हक्क मृत्यू व दुखापतीबद्दलच्या भरपाईचा आहे. रेल्वे अधिनियमाच्या तेराव्या प्रकरणातील कलम १२४ अन्वये, दोन गाड्यांची टक्कर झाली, गाडी रुळांवरून घसरली किंवा प्रवासी गाडीला तशाच स्वरूपाचा अपघात झाला, तर त्यात मरण पावलेल्या वा जखमी झालेल्या प्रवाशाला भरपाई देण्याची जबाबदारी रेल्वे प्रशासनावर येते, मग त्या अपघातात रेल्वेची चूक, हयगय किंवा कसूर असो वा नसो. विधिशास्त्रात याला दोषनिरपेक्ष दायित्व म्हणतात. नुकसान झाले एवढे सिद्ध होणे पुरेसे असते आणि ते कोणाच्या दोषामुळे झाले हा प्रश्न भरपाईपुरता बाजूला ठेवला जातो. सिग्नल चुकला की चालकाचा डोळा लागला, रुळाला तडा गेला होता की घातपात झाला होता, याची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त यथावकाश करतात. त्या चौकशीच्या निष्कर्षासाठी मृताच्या घरच्यांनी थांबून राहावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

परंतु अशा मोठ्या अपघातांखेरीजही रेल्वेत माणसे मरतात, आणि ती एकेकटी मरत असल्यामुळे त्यांची बातमी क्वचितच होते. गाडीच्या दारातून पडलेला, चढताना पाय निसटलेला किंवा लुटारूने ढकलून दिलेला प्रवासी कलम १२४ च्या व्याख्येत बसत नव्हता, कारण अपघात त्याला झाला होता, गाडीला झाला नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम १२४-अ घालण्यात आले आणि ‘अनपेक्षित घटना’ ही नवी संज्ञा कायद्यात आली. गाडीत किंवा स्थानकाच्या आवारात, म्हणजे फलाटावर, प्रतीक्षालयात, तिकीट खिडकीपाशी, झालेले दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, दरोडा, दंगल, गोळीबार किंवा जाळपोळ, आणि प्रवासी गाडीतून अपघाताने खाली पडणे, एवढ्या गोष्टी या संज्ञेत येतात. जबाबदारी पुन्हा दोषनिरपेक्षच आहे. प्रवासी या शब्दाची व्याप्तीही इथे मुद्दाम रुंद ठेवलेली असून, वैध तिकीट किंवा पास असलेल्यांबरोबर केवळ फलाट तिकीट घेऊन कोणाला पोहोचवायला आलेला माणूसही तीत मोडतो.

या उदार तरतुदीला पाच अपवाद जोडलेले आहेत. आत्महत्या वा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, प्रवाशाचे स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेच्या किंवा मानसिक असंतुलनाच्या अवस्थेत केलेले कृत्य आणि नैसर्गिक कारणाने वा आजाराने आलेला मृत्यू, या प्रसंगी भरपाई मिळत नाही. रेल्वेच्या वकिलांनी या पाचांपैकी सर्वाधिक आधार घेतला तो स्वतःहून करून घेतलेल्या इजेचा. चालत्या गाडीत चढू पाहणारा, दारात उभा राहणारा माणूस आपण होऊन मरण ओढवून घेतो, सबब रेल्वेची जबाबदारी उरत नाही, असा हा युक्तिवाद असे. सर्वोच्च न्यायालयाने तो टप्प्याटप्प्याने मोडीत काढला. २००८ च्या प्रभाकरन विजयकुमार प्रकरणात न्यायालयाने म्हटले की हा कल्याणकारी कायदा असल्यामुळे त्याचा अर्थ सढळपणे लावला पाहिजे आणि गाडीत चढताना पडणे हेदेखील गाडीतून पडणेच होय. २०१० च्या जमीला प्रकरणात मृत प्रवासी उघड्या दारात उभा होता. तो निष्काळजीपणा असेल, पण निष्काळजीपणा म्हणजे गुन्हेगारी कृत्य नव्हे, असा निर्वाळा तिथे मिळाला. २०१८ च्या रीना देवी प्रकरणात हाच विचार पुढे नेऊन, चढता-उतरताना झालेल्या मृत्यूला स्वतःहून करून घेतलेली इजा म्हणता येणार नाही, कारण तसे म्हणण्यासाठी इजा करून घेण्याचा हेतू असावा लागतो, हे न्यायालयाने स्पष्ट केले. गर्दीच्या वेळी मुंबईच्या लोकलमध्ये दारापाशी उभे राहण्यावाचून प्रवाशाला गत्यंतर नसते, हे मुंबई उच्च न्यायालयानेही मान्य केले आहे. विरार किंवा कल्याणहून सकाळची गाडी पकडणाऱ्याला हे सांगायला उच्च न्यायालय लागत नाही, पण रेल्वेच्या वकिलाला लागत होते.

रीना देवी निकालाचे खरे महत्त्व मात्र तिकिटाच्या प्रश्नात आहे. गाडीतून पडलेल्या माणसाच्या खिशातले तिकीट सापडेलच असे नसते. ते वाऱ्याने उडून जाते, रक्ताने भिजते, मदतीला धावलेल्यांपैकीच कोणी पाकीट लांबवतो, आणि हल्ली तर ते मोबाइलमध्ये असते व मोबाइल जाग्यावर नसतो. तिकीट सापडले नाही म्हणून मृत व्यक्ती प्रामाणिक प्रवासी नव्हती, असे ठरवून शेकडो दावे फेटाळले जात असत. प्रामाणिक प्रवासी याचा अर्थ इथे वैध तिकिटावर प्रवास करणारा एवढाच आहे. न्यायालयाने यावर मध्यम मार्ग काढला. रुळांलगत मृतदेह सापडला एवढ्यावरून तो प्रवाशाचाच होता असे मानता येणार नाही, पण तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असेही मानता येणार नाही. दावेदाराने संबंधित वस्तुस्थिती प्रतिज्ञापत्रावर मांडली की प्राथमिक भार उतरतो आणि त्यानंतर ते खोटे असल्याचे दाखवून देण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. हा निकाल होऊन इतकी वर्षे लोटल्यावरही तिकीट नाही या एकाच कारणावर दावे नाकारले जातात आणि ती माणसे अपिलात उच्च न्यायालयांपर्यंत जातात. निकाल दिल्लीत लागतो आणि त्याची सवय खालपर्यंत झिरपायला वेळ लागतो, एवढेच त्यावर म्हणता येईल.

प्रतिज्ञापत्राला बळकटी कशाने येते, हे समजून घेण्यासाठी घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांकडे जवळून पाहणे आवश्यक आहे. एखादा प्रवासी दोन स्थानकांदरम्यान गाडीतून पडला की मोटरमन, गार्ड किंवा रुळांवर काम करणारा गँगमन जवळच्या स्टेशन मास्तरला कळवतो. स्टेशन मास्तर त्याची नोंद आपल्या डायरीत करतो आणि लोहमार्ग पोलिसांच्या नावे एक मेमो काढतो. हमाल स्ट्रेचर घेऊन जातात. जखमीला रुग्णालयात हलवले जाते किंवा मृतदेहाचा पंचनामा होतो, आणि अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी त्या पंचनाम्यात लिहिली जाते. त्या यादीत ‘एक पाकीट, त्यात रोख रक्कम व कागद’ असे मोघम लिहिले की ‘अमुक ते अमुक स्थानकाचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास, अमुक तारखेपर्यंत वैध’ असे लिहिले, यावर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. मेमोतल्या मजकुराचेही तसेच आहे. ‘गाडीतून पडून जखमी’ या शब्दांनी दावा उभा राहतो, तर ‘रूळ ओलांडताना गाडीची धडक’ या शब्दांनी तो आडवा होतो, आणि मेमो लिहिणाऱ्याने बहुधा यांपैकी काहीच स्वतः पाहिलेले नसते. यानंतर त्यासाठीच्या नियमांनुसार रेल्वे सुरक्षा दल स्वतंत्र चौकशी करते आणि त्या चौकशीवरून विभागीय रेल्वे व्यवस्थापकाचा अहवाल तयार होतो. दाव्यात रेल्वेचा सारा बचाव पुढे याच अहवालावर उभा असतो, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा चालतो त्याच्याच घरी मुख्य पुरावा तयार होतो. ही गोष्ट न्यायालयांच्या ध्यानात आलेली आहे आणि घटनेनंतर फार उशिरा झालेल्या चौकशीकडे ती संशयाने पाहतात. तरीही कुटुंबातल्या कोणीतरी स्टेशन मास्तरचा मेमो, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि रुग्णालयाची कागदपत्रे यांच्या नकला लवकरात लवकर मागून घेणे आणि मृताला तिकीट काढून दिलेल्या किंवा स्थानकावर पोहोचवलेल्या माणसाचा जबाब नोंदला जाईल असे पाहणे, याला पर्याय नाही.

दावा चालतो तो रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे. १९८७ च्या स्वतंत्र अधिनियमाने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाची पीठे देशभर असून महाराष्ट्रात ती मुंबई आणि नागपूर येथे आहेत. दावा जिथे घटना घडली तिथल्याच पीठापुढे दाखल करावा असे बंधन नाही. दावेदार जिथे राहतो किंवा तिकीट जिथे काढले होते तिथल्या पीठाकडेही तो करता येतो, त्यामुळे नाशिकचा तरुण बिहारमध्ये गाडीतून पडून वारला तर त्याच्या आईला पाटण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत घटनेपासून एक वर्षाची आहे आणि पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो. जखमी व्यक्ती स्वतः, अज्ञान मुलाचा पालक किंवा मृताच्या अवलंबितांपैकी कोणीही दावा करू शकतो. अवलंबितांच्या व्याख्येत पती, पत्नी, मुले, आई-वडील यांच्याबरोबर ठरावीक परिस्थितीत विधवा बहीण आणि विधवा सूनदेखील येते. निकालाविरुद्ध नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

भरपाईची रक्कम नियमांच्या परिशिष्टात ठरवून दिलेली आहे. मृत्यूसाठी ती १९९७ पासून चार लाख रुपये होती आणि १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख झाली. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गमावल्यासही आठ लाखच मिळतात, आणि इतर दुखापतींसाठी अवयवागणिक कमी-कमी होत जाणाऱ्या रकमा आहेत. मोटार अपघाताच्या दाव्यात मृताची कमाई, वय आणि अवलंबितांची संख्या यांवरून हिशेब होतो, तसा इथे होत नाही. नाक्यावरचा बिगारी आणि कंपनीचा अधिकारी यांच्या मृत्यूची किंमत रेल्वेच्या लेखी एकच आहे. या समानतेत न्याय आहे आणि अन्यायही. हिशेबाचा वाद नसल्यामुळे दावा सोपा होतो, पण भाववाढीबरोबर ती रक्कम आपोआप वाढत नाही आणि चाराचे आठ व्हायला जवळजवळ वीस वर्षे लागली, हेही तितकेच खरे. जुन्या घटनांच्या बाबतीत रीना देवी निकालाने थोडा दिलासा दिला. घटनेच्या दिवशी लागू असलेली रक्कम व्याजासह आणि निकालाच्या दिवशी लागू असलेली रक्कम, यांतली जी अधिक होईल ती मिळते.

या संरक्षणाची सीमा कुठे संपते तेही सांगितले पाहिजे. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेला माणूस कलम १२४-अ च्या व्याख्येत येत नाही. उलट परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा कलम १४७ खाली गुन्हा आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर पादचारी पूल दूर असतो, सरकता जिना बंद असतो, वेळ नसतो, आणि रूळ ओलांडणाऱ्यांत वैध पासधारकही असतात. तरीही कायदा त्यांना त्या क्षणी प्रवासी मानत नाही.

चेंगराचेंगरीचा प्रश्न याहून अवघड आहे. अनपेक्षित घटनेच्या व्याख्येत दंगल आहे, जाळपोळ आहे, चेंगराचेंगरी हा शब्द मात्र कुठेच नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर तेवीस माणसे चिरडून मेली आणि १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर कुंभमेळ्याच्या गर्दीत अठरा. दोन्ही वेळी तातडीने पैसे जाहीर झाले ते सानुग्रह मदत म्हणून. दिल्लीच्या घटनेनंतर तिथल्या उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि रेल्वे अधिनियमाच्या कलम ५७ ची चर्चा पुष्कळ वर्षांनी झाली. प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी घ्यायचे ते रेल्वेने ठरवावे आणि तो आकडा हिंदी, इंग्रजी व त्या भागातल्या भाषेत डब्याच्या आत किंवा बाहेर ठळकपणे लिहावा, असे हे कलम सांगते. आकडा लिहिलेला असतो. तो ओलांडू न देण्याची व्यवस्था मात्र अनारक्षित डब्यांत कुठेच आढळत नाही, आणि मुंबईच्या लोकलमध्ये तर तो आकडा वाचणेही गर्दीमुळे शक्य होत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या लोकलगाड्यांच्या दारांतले प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा बिनवातानुकूलित लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. कलम ५७ ची आठवण तेव्हा फारशी कोणी काढली नाही. दारे बंद करून डब्यातली माणसे कमी होत नाहीत.

भरपाई आणि सानुग्रह मदत यांत वृत्तपत्रे नेहमी गल्लत करतात. भरपाई हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तर सानुग्रह मदत हे प्रशासनाच्या इच्छेवर अवलंबून असलेले तातडीचे साहाय्य आहे आणि ती घेतल्याने भरपाईचा दावा संपत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये रेल्वे मंडळाने तिचे दर दहापट वाढवून गाडीच्या अपघातातील मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि किरकोळ दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये असे केले. त्याच वर्षी जूनमध्ये बालासोरच्या भीषण अपघातानंतर मृतांमागे दहा लाख जाहीर झाले होते, म्हणजे घटना जितकी मोठी तितकी मदत सढळ, असा अनुभव आहे. तिसरी गोष्ट विम्याची. ऑनलाइन तिकीट काढताना पन्नास पैशांहूनही कमी हप्त्यात घेता येणारा विमा निश्चित किंवा आरएसी तिकिटाला लागू होतो आणि त्यात मृत्यूसाठी दहा लाखांपर्यंत रक्कम मिळते. खिडकीवरच्या तिकिटाला ही सोय नाही. विमा घेतल्यावर येणाऱ्या दुव्यावर जाऊन वारसाचे नाव भरायचे असते आणि ते बहुसंख्य लोक भरत नाहीत.

मरण-दुखापतीच्या मानाने उशीर ही लहान गोष्ट वाटेल, पण प्रवाशांचा रोजचा संबंध तिच्याशीच येतो. परताव्याच्या २०१५ च्या नियमांनुसार, गाडी प्रवाशाच्या चढण्याच्या स्थानकावर तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि त्याने प्रवास करायचा नाही असे ठरवले, तर कोणतीही कपात न होता पूर्ण भाडे परत मिळते. त्यासाठी खिडकीवरचे तिकीट गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी परत करावे लागते, आणि ई-तिकीट असेल तर त्याच वेळेपूर्वी संकेतस्थळावर टीडीआर, म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती, दाखल करावी लागते. गाडी सुटून गेल्यावर जागे झालेल्याला काही मिळत नाही. शिवाय हा उशीर चढण्याच्या स्थानकावरचाच धरला जातो. गाडी वेळेवर सुटली आणि वाटेत रखडून पोहोचायला सहा तास उशीर झाला, तर परताव्याचे नियम गप्प आहेत.

ही पोकळी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ च्या संजय शुक्ला प्रकरणात काही अंशी भरली. अजमेरहून निघालेली गाडी जम्मूला जवळजवळ चार तास उशिरा पोहोचली, त्यामुळे एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले आणि त्यांना टॅक्सीने जावे लागले. टॅक्सीचे पंधरा हजार, वाया गेलेल्या आरक्षणाचे दहा हजार आणि मनस्तापाबद्दल काही रक्कम ग्राहक मंचाने देवविली होती ती न्यायालयाने कायम केली. उशीर आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेला सिद्ध करता आले नाही तर ती सेवेतील त्रुटी ठरते, प्रवाशाचा वेळ मौल्यवान आहे आणि खाजगी वाहतुकीशी स्पर्धा करायची तर सार्वजनिक वाहतुकीला जबाबदारी घ्यावी लागेल, असा न्यायालयाचा सूर होता. दाट धुके, पूर, दरड कोसळणे ही कारणे मान्य होतील. कारणच न सांगणे मान्य होणार नाही. युरोपीय संघात एक ते दोन तासांच्या उशिराला भाड्याच्या पाव आणि त्याहून अधिक उशिराला निम्म्या रकमेची भरपाई नियमानेच मिळते. भारतात तसा प्रयोग झाला तो आयआरसीटीसीच्या तेजस गाड्यांपुरता, जिथे एका तासावरील उशिरासाठी शंभर आणि दोन तासांवरील उशिरासाठी अडीचशे रुपये देऊ केले होते. साध्या मेल-एक्स्प्रेसच्या प्रवाशाला त्यासाठी आजही खटलाच भरावा लागतो.

वातानुकूलन यंत्र बंद पडल्यास तेवढ्या अंतरापुरता वातानुकूलित व साध्या वर्गाच्या भाड्यातला फरक परत मिळतो, आणि वरच्या वर्गाचे तिकीट असून खालच्या वर्गात बसावे लागल्यासही तसेच. मात्र तिकीट तपासनिसाकडून तसे प्रमाणपत्र घेऊन गाडी पोहोचल्यापासून वीस तासांच्या आत दावा करावा लागतो. रात्रभर घामाघूम झालेले प्रवासी तपासनिसाशी भांडतात खूप, पण प्रमाणपत्र मागणारे थोडे असतात आणि भांडणाचा पुरावा उरत नाही.

तपासनिसाच्या अधिकारांनाही मर्यादा आहेत. विनातिकीट आढळलेल्याकडून भाडे आणि त्यावर तेवढीच किंवा किमान अडीचशे रुपये, यांपैकी जास्त असेल ती जादा रक्कम तो वसूल करू शकतो, पण तिची पावती द्यावीच लागते. पैसे न भरणाऱ्याला गाडीतून उतरवण्याचा अधिकार कलम १३९ देते, परंतु सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला, जिथून प्रवास सुरू झाला ते स्थानक, जंक्शन, अंतिम स्थानक किंवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण यांखेरीज कुठेही किंवा दिवसाउजेडाखेरीज इतर वेळी उतरवता येत नाही, अशी त्यात तरतूद आहे. आडवाटेच्या स्थानकावर अपरात्री बाईमाणसाला सोडून देण्याचा धोका कायदा करणाऱ्यांनी ओळखला होता. महिलांसाठी राखीव डब्यात पुरुषाने शिरणे हा दंडनीय गुन्हा आहेच. साखळी ओढण्याबाबत मात्र समज उलटी आहे. विनाकारण ओढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण माणूस पडला, छेडछाड झाली, आग दिसली, अशा वाजवी कारणासाठी ती ओढणे गुन्हा नाही. दंडाच्या पाटीची भीती एवढी बसलेली असते की खरोखर गरज असतानाही हात वर जात नाही.

सामान चोरीला गेल्यास प्रवाशाची बाजू कायद्याने दुबळीच ठेवली आहे. कलम १०० प्रमाणे, रेल्वेकडे रीतसर सोपवून पावती घेतलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेची असते. प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाबाबत मात्र रेल्वेच्या कर्मचाऱ्यांची हयगय किंवा गैरवर्तन सिद्ध झाले तरच भरपाई मिळते. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कमरेच्या पट्ट्यातून गेलेल्या एक लाख रुपयांसाठी रेल्वेला जबाबदार धरता येत नाही, असा निकाल दिला. आरक्षित डब्यात तिकीट नसलेली माणसे मोकळेपणी शिरत होती, रात्री दारे उघडी होती, तक्रार करूनही तपासनीस फिरकला नाही, असे दाखवता आले तर गोष्ट वेगळी होते आणि ग्राहक आयोगांनी अशा प्रकरणांत रेल्वेला भरपाई द्यायला लावली आहे. त्यासाठी चोरीच्या आधी किंवा लगेच नंतर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर केलेली तक्रार उपयोगी पडते, कारण तिची वेळ नोंदली जाते. गुन्ह्याचा तपास लोहमार्ग पोलिसांचा, म्हणजे राज्य सरकारच्या पोलिसांचा असतो. गाडीत दिसणारे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान केंद्राचे असून प्रवाशांचे संरक्षण हे त्यांचे कर्तव्य २००३ च्या कायदा-दुरुस्तीने ठरले. चालत्या गाडीत तक्रारीचा नमुना तपासनीस, गार्ड किंवा जवानांकडे मिळतो, आणि गुन्हा भुसावळच्या हद्दीत घडला म्हणून कल्याणला तक्रार नाकारता येत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर हद्द न पाहता गुन्हा नोंदवण्याची पद्धत कायद्यातच घातली आहे.

कुठला वाद कुठे न्यायचा, याची ढोबळ विभागणी अशी आहे. अपघात आणि अनपेक्षित घटनेतील मृत्यू-दुखापतीची कलम १२४ व १२४-अ खालची भरपाई फक्त रेल्वे दावा न्यायाधिकरणातच मागता येते. उशीर, गलिच्छ डबा, निश्चित तिकीट असूनही न मिळालेली जागा, कर्मचाऱ्यांच्या हयगयीने झालेली चोरी, अशा सेवेतील त्रुटींसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि तक्रारदार जिथे राहतो वा नोकरी करतो त्याच जिल्ह्यात ती तक्रार दाखल करता येते. सेवेसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, त्यामुळे कोणत्याही सामान्य तिकिटावरच्या तक्रारीला फी लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. तक्रारीसोबत जोडायचे असते ते तिकीट, १३९ वरील तक्रारीचा क्रमांक, गाडीच्या प्रत्यक्ष वेळांची नोंद आणि खर्चाच्या पावत्या. संजय शुक्ला प्रकरणातले कुटुंबही टॅक्सीच्या भाड्याचा आणि बुडालेल्या आरक्षणाचा हिशेब घेऊन जिल्हा मंचापुढे गेले होते, आणि त्यांचा प्रवास २०१६ सालचा होता.